नवशिक्याची लाट

बामणोलीहून वासोट्याकडे निघालेल्या लाँचमध्ये आपण कधी बसला असाल, तर शिवसागर जलाशयाच्या संथ पाण्यावर तिच्यामागे उमटत जाणारी पाचर आपल्या नजरेतून सुटली नसेल. दोन्ही बाजूंना लाटा उठतात, फाकत जातात आणि बऱ्याच वेळाने काठाच्या तांबड्या मातीला लागतात. अशाच लाटेवर फळी घेऊन उभे राहण्याच्या खेळाला वेकसर्फिंग म्हणतात. आरंभी दोरीचा आधार घ्यायचा आणि लाटेचा रेटा पायांखाली जाणवू लागला की दोरी सोडून द्यायची. जावळी तालुक्यातील मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले. जेट स्की आणि वेगवान बोटी आता सातारकरांना अपरिचित राहिलेल्या नाहीत. त्यामुळे घरातील तरुण मंडळी उद्या या खेळाचाही हट्ट धरतील, हे गृहीत धरलेले बरे.

हा खेळ शिकतो फळीवरचा माणूस. लाट मात्र घडवतो बोटीचा चालक. नवशिक्याचे हाल बहुधा चालकाच्या घाईमुळे होतात.

नवख्याला लाट जितकी लहान तितकी सोपी, असा आपला सहज समज असतो. तो खरा नाही. फार लहान लाटेला रेटाच नसतो. दोरी सोडताच फळी मागे पडते आणि माणूस पुन्हा पाण्यात. फार उंच व उभी लाट त्याला पुढे फेकते. नवशिक्याला हवी असते ती लांबट, उताराला सौम्य आणि फेस न फुटणारी लाट. ती वेगावर आणि वजनावर ठरते.

आधी वेग पाहू. बोटीबरोबर धावणारी लाट बोटीच्याच गतीने चालते आणि खोल पाण्यात तिची लांबी त्या गतीवर अवलंबून असते. ताशी १६ किलोमीटरला दोन शिखरांमधील अंतर सुमारे साडेबारा मीटर भरते. ताशी १८ ला ते सोळा मीटरवर जाते. दोनच किलोमीटरचा फरक, पण फळीखालचा उतार बदलून जातो! म्हणून या टप्प्यातील एक वेग निवडून तो ढळू न देणे महत्त्वाचे. वेग फार कमी झाला तर लाट आखूड होऊन फेसाळते.

आता वजन. या खेळासाठी बनवलेल्या बोटींत तळाशी टाक्या असतात. त्यांत पाणी भरून बोट खोल बसवतात. सारा भार मागे लोटला तर लाट उंच पण आखूड होते. थोडा भार पुढे सरकवला की ती लांबते, निवळते. ज्या बाजूच्या लाटेवर स्वार होायचे त्या बाजूला वजन किंचित अधिक ठेवतात. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला बोटीची डावी बाजू सोयीची, कारण त्याचे तोंड लाटेकडे राहते. पंचवीस किलोच्या मुलाला थोडक्या भाराची लाटही पेलून धरते. ऐंशी किलोच्या वडिलांसाठी टाक्या अधिक भराव्या लागतात. एकाच लाटेवर सारे कुटुंब शिकेल, ही अपेक्षा ठेवू नये.

एका बाजूला भार देण्याची ही युक्ती साध्या लाँचवर कदापि करू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. सांगली जिल्ह्याला बोटीवरील भाराचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

याहूनही मोठा धोका पंख्याचा. वेकसर्फिंगमध्ये माणूस बोटीपासून अवघ्या काही मीटरांवर असतो. त्यामुळे ज्या बोटीचा पंखा तळाखाली, मागच्या कडेच्या बराच आत असतो, तीच या खेळाला चालते. मागे इंजिन टांगलेल्या बोटीमागे हा खेळ खेळू नये, मग चालक कितीही कुशल असो. पर्यटनस्थळी मिळणाऱ्या बोटी पुष्कळदा याच प्रकारच्या असतात. तेव्हा दर विचारण्याआधी पंखा कोठे आहे ते विचारावे.

इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. संथ चालणाऱ्या बोटीच्या मागच्या कडेशी तो साचतो, म्हणून तेथे मुलांना बसवू नये आणि दोरी अगदी आखडू नये. पाच-सहा मीटर ठीक. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे ऊन लागल्यासारखी वा बोट लागल्यासारखी भासतात. तसे काही जाणवताच इंजिन बंद करून त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत न्यावे व डॉक्टरांना दाखवावे.

जागेचाही विचार हवा. कृष्णेतील होड्यांच्या शर्यती ही सांगलीची जुनी हौस. पण वेकसर्फिंगमध्ये वारंवार पाण्यात पडून थांबावे लागते, आणि भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरींचा वावर आहे. तेथे हा खेळ नकोच. शिवसागरात पाणी खोल आहे, तरी उन्हाळ्यात पातळी उतरते. तीन मीटरांहून उथळ पाण्यात लाट बिघडते आणि पडणाऱ्यास तळ लागण्याचे भय असते. वासोट्याकडचा काठ तर अभयारण्याचा. तेथे वनखात्याचे नियम चालतात. शिवाय कांदाटी खोऱ्यातील कित्येकांची ये-जा लाँचनेच होते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा बोटींची लाट साध्या बोटीच्या लाटेइतकी मवाळ होण्यास दीडशे मीटरांहून अधिक अंतर लागते, असे आढळले. धक्क्यावर एखादी आजी लाँचमध्ये पाय ठेवत असताना ती लाट तेथवर पोहोचता कामा नये.

सुरुवात करताना चालकाने बोट झटक्याने ओढू नये. खांदे व कंबर त्यानेच दुखावतात. शिकणाऱ्याने लाइफ जॅकेट घालून, टाचा फळीवर टेकवून, गुडघे छातीशी व हात सरळ ठेवावेत. पाणीच त्याला हळूहळू उभे करते. पडल्यावर हात वर करून ठीक असल्याची खूण करावी. मागे लक्ष ठेवण्यास चालकाखेरीज दुसरी व्यक्ती बोटीत हवी. पडलेल्याला परत घेताना बोट त्याच्याजवळ आणून चालकाने इंजिन पूर्ण बंद करावे आणि त्यानंतरच शिडी पाण्यात सोडावी.