वाडग्यातून निघालेलं वचन

जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंड आणि चेकियाच्या सीमांजवळ, हेर्नहूट नावाचं छोटं गाव आहे. तिथे दरवर्षी काही माणसं टेबलाभोवती बसतात, प्रार्थना करतात आणि वाडग्यातून एकेक चिठ्ठी उचलतात. चिठ्ठीवर नुसता आकडा असतो. त्या आकड्याचं जुन्या करारातलं वचन शोधून वाचतात, तारखेपुढे नोंदवतात, की पुढची चिठ्ठी. वाडग्यात अशा सुमारे १,८०० वचनांच्या चिठ्ठ्या असतात. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला त्यांतलं एक वचन मिळतं.

आणि ते वर्ष असतं तीन वर्षांनंतरचं! भाषांतराला आणि छपाईला तेवढा वेळ लागतो, एवढंच त्याचं साधं कारण. पण जरा विचार करून पाहा. तीन वर्षांनी एखादी बाई इस्पितळाच्या बाकावर बसून जे वचन वाचणार आहे, ते आज निघतं. तिचं दुखणं अजून सुरूही झालेलं नाही.

चिठ्ठीचं काम इथे संपतं. मग त्या वचनाशी नातं सांगणारं नव्या करारातलं दुसरं वचन माणसं विचार करून निवडतात आणि सोबत एखादं कडवं किंवा प्रार्थना जोडतात. हाती आलेलं आणि शोधून काढलेलं, अशी दोन्ही वचनं एकाच पानावर. या पुस्तकाचं जर्मन नाव ‘लोझुंगन’.

त्याची सुरुवात भांडणातून सावरलेल्या गावात झाली. मोराव्हिया प्रांतात धर्मछळ सोसून निसटलेल्या कुटुंबांनी १७२२ मध्ये काउंट त्सिन्झेन्डोर्फ यांच्या जमिनीवर हेर्नहूट वसवलं. विश्वासासाठी घरदार सोडलेली ही माणसं, पण एकमेकांशी त्यांचं पटेना. अखेर १३ ऑगस्ट १७२७ च्या प्रभुभोजनात त्यांची दिलजमाई झाली. पुढच्या वर्षी, ३ मे १७२८ च्या संध्याकाळी, काउंटनी जमलेल्या मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी गीताचं एक कडवं दिलं. तेव्हापासून रोज सकाळी कुणीतरी त्या दिवसाचं वचन घेऊन गावातल्या तीसेक घरांच्या दारांत जाऊ लागलं. कालपर्यंत ज्याच्याशी बोलणं बंद होतं, त्याच्याच दारात देवाचा शब्द घेऊन उभं राहायचं! प्रेमाचा याहून कठीण धडा मला तरी माहीत नाही.

१७३१ सालासाठी पुस्तक छापलं गेलं आणि तेव्हापासून ते दरवर्षी निघतंय. आज ते पन्नासहून अधिक भाषांत वाचलं जातं. हेर्नहूटच्या या लोकांची मोराव्हियन मंडळी (चर्च) टांझानियात आहे, सुरिनाममध्ये आहे, आपल्या लेहमध्येही १८८५ पासून आहे. इतर पंथांचे लोकही हे पुस्तक आवडीने वाचतात.

एके काळी मोराव्हियन लोक लग्नं आणि नेमणुकाही चिठ्ठ्या टाकून ठरवत. कोकणात देवाला कौल लावतात ना, तसंच काहीसं. एकोणिसाव्या शतकात ती पद्धत मागे पडली, रोजच्या वचनाची चिठ्ठी मात्र टिकली. मला वाटतं, तिला कुणी काही विचारत नाही म्हणूनच ती टिकली. आपण स्वतः बायबल उघडलं, तर हात ओळखीच्या पानाकडे वळतो: दुःखात तेविसावं स्तोत्र, लग्नात करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय. इथे निवड आपल्या हाती नसते. घरात वाजलेल्या दिवशी सकाळीच क्षमेचं वचन समोर येऊ शकतं, आणि मग पान उलटून पुढे जाणं जड जातं.

२० जुलै १९४४ रोजी हिटलरला मारण्याचा कट फसला. त्या कटाशी संबंध असलेले पाद्री डीट्रिख बोनहोफर तेव्हा बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. आता आपली सुटका नाही, हे त्यांना कळलं असणारच. ‘लोझुंगन’मधलं त्या दिवसाचं वचन विसाव्या स्तोत्रातलं होतं: रथ-घोड्यांवर भिस्त ठेवणारे आणि देवाचं नाव घेणारे यांच्याबद्दलचं. दुसऱ्या दिवशी आलं तेविसावं स्तोत्र, देवाला मेंढपाळ म्हणणारं. हे पुस्तक तर ते वर्ष उजाडण्याआधीच छापून झालेलं!

२१ जुलैला त्यांनी एबरहार्ड बेथगे या मित्राला पत्र लिहिलं. काल-आजची वचनं विशेष सुंदर आहेत, असं त्यात आहे. मग ते विश्वासाबद्दल लिहितात. कामं, प्रश्न, यश-अपयश, गोंधळ या सगळ्यासकट इथल्या जगण्यात पुरतं उतरल्यावरच माणूस विश्वास ठेवायला शिकतो, असं त्यांचं म्हणणं. तसं जगताना आपण स्वतःचं दुःख कवटाळून बसत नाही, जगात देव जे सोसतो त्याकडे आपलं लक्ष जातं आणि आपण ख्रिस्ताबरोबर गेथशेमाने बागेत जागे राहतो, असं त्यांनी त्या कोठडीतून लिहिलं.