पाण्याखालचं ‘मी आहे ना!’

सावेडीत राहणाऱ्या माणसानं समुद्राच्या तळाबद्दल बोलावं, याचं तुम्हाला थोडं हसू येईल. समुद्र आमच्यापासून एक दिवसाच्या प्रवासावर. पोहायला मी शिकलो तो मामाच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. आठव्या दिवशी मामांनी भोपळा सोडला आणि काठावरून सरळ ढकलून दिलं. नाकातोंडात पाणी गेलं, वर बसलेली मंडळी खदखदून हसली, आणि मी हातपाय मारत कसाबसा पायरीला लागलो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं आपण म्हणतो ते यावरूनच.

पुढे चाळिशी उलटल्यावर मी स्कूबा डायव्हिंग शिकलो. तिथं लक्षात आलं, की विहिरीच्या शाळेतले दोन धडे समुद्राखाली उपयोगाचे नाहीत. उलट ते जिवावर बेतू शकतात. पहिला धडा श्वास रोखून धरण्याचा, आणि दुसरा नवख्याला ढकलून देऊन हसण्याचा. आज बोलायचं आहे ते मुख्यतः या दुसऱ्या धड्याबद्दल. पाण्याखाली जुनेजाणते लोक नवख्याशी कसे वागतात, हा तिथं नुसत्या शिष्टाचाराचा प्रश्न नसतो.

आधी थोडी माहिती. मालवणला सहलीला गेलेले अनेक जण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ‘स्कूबा’ करून येतात. त्यात प्रशिक्षक तुम्हाला सतत धरून असतो, खोली थोडी असते, आणि तुम्ही फक्त तोंडानं श्वास घेत मासे पाहायचे असतात. तो झाला नमुना. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम वेगळा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानं तारकर्लीला अशा शिक्षणासाठी संस्था उभी केली आहे, गोव्यातही सोय आहे. पुस्तकी भाग, मग तलावातला सराव, आणि शेवटी समुद्रात चार बुड्या. मास्कमध्ये पाणी शिरलं तर ते नाकानं फुंकून कसं काढायचं, तोंडातला रेग्युलेटर निसटला तर कसा शोधायचा, हवा संपली तर जोडीदाराची कशी घ्यायची, हे सगळं करून दाखवावं लागतं. मग पहिल्या पायरीचं कार्ड मिळतं. त्यावर जास्तीत जास्त १८ मीटरपर्यंत जाता येतं, तेही जोडीदाराबरोबर.

कार्ड खरं असतं, पण त्यामागे बुड्या असतात फक्त चार. आर.टी.ओ.च्या मैदानावर आठचा आकडा काढून लायसन मिळालं, म्हणून दुसऱ्याच रात्री कोणी करंजी घाटात गाडी घालत नाही. इथं मात्र तसं घडू शकतं. कारण बोटीवर सगळ्यांचे सूट सारखे, सिलिंडर सारखे. कोण चार बुड्यांचा आणि कोण चारशेचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आता जुन्याला नवखा नकोसा का होतो, तेही समजून घेऊ. जमिनीवर आपल्यावर हवेचा एक वातावरण दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला आणखी एकाची भर पडते. १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. जितका दाब, तितकी प्रत्येक श्वासाला हवा जास्त लागते. त्यात नवखा घाबरलेला. तो भराभरा श्वास घेतो, हात हलवतो, कधी वर तरंगतो तर कधी तळाला टेकतो, आणि पायाच्या फिन्सनी गाळ उडवून सगळ्यांचं दिसणं बंद करतो. सिलिंडर साधारण २०० बार दाबानं भरलेला असतो आणि ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं असतं. सरावलेला माणूस त्यात पाऊण-एक तास सहज काढतो. नवख्याची हवा पंचवीस-तीस मिनिटांतच संपत येते. आणि नियम असा, की जोडीतल्या ज्याची हवा आधी कमी होईल, त्याच्याबरोबर दुसऱ्यानंही वर यायचं.

म्हणजे नवखा जोडीला आला, की जुन्याचे बोटीचे पैसे अर्धे वाया गेले! कपाळाला आठी पडते ती इथं. माणूस वाईट नसतो, पण वर्षातून दोनदाच समुद्रावर येणं जमतं, आणि ती संधी कोणा अनोळखी माणसासाठी सोडायची असते. मग काही जण नवख्याशी जोडी टाळतात. काही जण जोडी लावतात आणि खाली गेल्यावर विसरतात. तिसरा प्रकार मात्र सगळ्यांत प्रेमळ दिसतो आणि सगळ्यांत धोक्याचा असतो. तो म्हणतो, ‘चला हो, मी आहे ना!’

मला भेटले ते या तिसऱ्या प्रकारचे. ठिकाणाचं नाव महत्त्वाचं नाही. माझी ती पाचवी बुडी. गृहस्थ दोनशे बुड्यांचे, मनानं मोकळे. माझा सिलिंडरसुद्धा त्यांनीच जोडून दिला. मी म्हटलं, ‘मला १८ मीटरपर्यंतच परवानगी आहे.’ ते म्हणाले, ‘मी आहे ना!’ आपल्याकडे या तीन शब्दांवर माणसं घर बांधतात, लग्नं जुळवतात. मीही पाण्यात उतरलो.

खाली खडकाच्या कडेनं ते एका माशामागे गेले. मी त्यांच्या फिन्सवर नजर ठेवून मागे. मध्येच मनगटावरचं मापक पाहिलं तर २४ मीटर. हवेचं मापक मी बराच वेळ पाहिलंच नव्हतं. ते पाहिलं तर ७० बार. मान वर केली तर समोर हिरवट धूसर पाणी. गृहस्थ नाहीत. छाती धडधडू लागली, मास्कमध्ये पाणी शिरलं. मास्क रिकामा करायला मी शिकलो होतो, पण त्या क्षणी आठवली ती मामाची विहीर. मी तोंड घट्ट मिटलं, श्वास छातीत कोंडला, आणि वरच्या उजेडाकडे पाय मारायला लागलो.

विहिरीत हेच बरोबर असतं. सूर मारण्याआधी छातीत भरलेली हवा वर येताना पुन्हा तेवढीच होते. पण २० मीटरवर दाबाखाली घेतलेला श्वास रोखून वर आलं, तर ती हवा फुगत तिप्पट व्हायला बघते. फुप्फुसांना तेवढी जागा नसते. ती फाटू शकतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोचू शकतात. म्हणून स्कूबाचा पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही. मला तो पाठ होता. घाबरलेल्या माणसाला मात्र पाठ केलेलं आठवत नाही, हाडात मुरलेलं तेवढं आठवतं.

दोन-तीन मीटर वर गेलो असेन, तोच जॅकेटच्या पट्ट्याला घट्ट पकड बसली. कोल्हापूरच्या एक बाई होत्या. त्यांची जोडी वेगळी होती. त्यांनी मला ओढलं नाही की हलवलं नाही. फक्त वर जाऊ दिलं नाही. आपला चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आणला आणि तोंडापासून पुढे हात नेत खूण केली : सोडा, श्वास सोडा. मी सोडला. बुडबुड्यांचा लोट वर गेला. पुन्हा तीच खूण. चौथ्या-पाचव्या श्वासाला माझी नजर स्थिर झाली. मग त्यांनी अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. आम्ही सावकाश वर आलो, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलो, आणि मग डोकं बाहेर काढलं.

बोटीवर मी मान खाली घालून बसलो होतो. कोणीतरी हसेल, याची वाट पाहत. बाईंनी थर्मासमधला चहा ओतून दिला. तो संपेपर्यंत त्या काहीच बोलल्या नाहीत. मग एवढंच विचारलं, ‘अहो, हवेचं मापक याआधी कधी पाहिलं होतंत?’ मी आठवून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘दर दोन-तीन मिनिटांनी पाहायचं. माझ्या आठव्या बुडीला माझंही असंच झालं होतं. आता वहीत लिहा, जसं घडलं तसं.’ डायव्हरकडे बुड्यांची नोंदवही असते. त्यात मी त्या दिवशी २४ मीटर लिहिलं आणि ७० बार लिहिलं. एवढं लिहिताना हात जड झाला होता.

ते गृहस्थही वर आले. मला शोधत त्यांनीही बरीच हवा संपवली होती आणि चेहरा उतरला होता. त्यांच्यावर मी राग धरला नाही. चूक माझीही होती. माझी खोली, माझी हवा, माझा सिलिंडर, सगळं मी त्यांच्या हवाली केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. बाई म्हणाल्या, ‘दहा मीटरच्या खाली जायचं नाही. माझ्याबरोबर चला.’ सिलिंडर मात्र त्यांनी जोडून दिला नाही. मला जोडू दिला, आणि मग माझी एकेक वस्तू मलाच हात लावून तपासायला लावली. त्यांची मी तपासली. खाली त्या हाताच्या अंतरावर राहिल्या. सव्वीस मिनिटांनी माझी हवा सत्तरावर आली, मी अंगठा वर केला. त्यांच्याकडे निम्म्याहून जास्त हवा असणार. त्यांनी आपल्या मापकाकडे पाहिलंसुद्धा नाही. लगेच वळल्या. मला वाटतं, त्या वळण्यानं मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नाही. डायव्हिंगमध्ये एक संकेत आहे : कोणीही, केव्हाही, कारण न सांगता बुडी थांबवू शकतो, आणि त्याला कोणी जाब विचारायचा नाही. हा संकेत छापलेला सगळीकडे असतो, पण नवखा त्यावर विश्वास ठेवतो तो कोणीतरी तो पाळून दाखवल्यावरच. परत येताना कुरकुर ऐकावी लागली, तर पुढच्या वेळी तो अंगठा वर करत नाही. हवा संपत आली तरी करत नाही. अपघाताची सुरुवात इथं होते.

निघताना त्यांनी आणखी एक विचारलं : ‘नगरला कधी निघताय? तुमचं गाव किती उंचावर आहे?’ हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात आणि मांसात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. लागोपाठ बुड्या केल्या असतील, तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबा, असं सांगतात. हा सल्ला साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे, आणि आपलं नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर. आंबोलीचा घाट तर त्याहून थोडा उंच. म्हणजे दुपारी बुडी मारून रात्रीच्या गाडीनं घाट चढणं शहाणपणाचं नाही. त्या रात्री मी खालीच मुक्काम केला.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कोणाच्या घरातली मुलंमुली हे कार्ड घेऊन आली असतील, तर त्यांचं कौतुक जरूर करा. जोडीदार निवडताना मात्र त्यांना एक प्रश्न विचारायला सांगा : ‘माझी हवा आधी संपली तर तुम्ही काय कराल?’ उत्तर ‘मी तुमच्याबरोबर वर येईन’ असं असेल तर उतरा. उत्तर ‘मी आहे ना’ असं असेल, तर बोटीवर बसून चहा प्या. आणि तुम्ही स्वतः जुनेजाणते असाल, तर वर्षातली एक बुडी नवख्यासाठी ठेवा. मी आता ठेवतो. गेल्या खेपेला एका कॉलेजच्या मुलानं बाविसाव्या मिनिटाला अंगठा वर केला. खडकाच्या कपारीत नुकतंच एक कासव दिसलं होतं. मी त्या कासवाकडे एकदा पाहिलं आणि मुलाबरोबर वर आलो.