एकच पुस्तक, दोन किमती

संगणकाची भाषा शिकायची तर चांगले पुस्तक हवे. कर्निघन आणि रिची यांचे ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे गाजलेले पुस्तक १९७८ साली अमेरिकेत निघाले. तिकडच्या किमतीला ते आपल्याकडे किती जणांना परवडले असते? म्हणून भारतासाठी त्याची स्वस्त आवृत्ती निघाली. अशा आवृत्त्यांचा कागद हलका, बांधणी साधी. पण विद्या कागदाच्या जाडीवर थोडीच अवलंबून असते! ‘या देशांबाहेर विक्री करू नये’ अशी सूचनाही त्यांवर छापलेली असते.

थायलंडचा सुपाप किर्तसेंग अमेरिकेत शिकत होता. त्याने घरच्यांकडून अशी स्वस्त पाठ्यपुस्तके मागवून तेथे विकली. प्रकाशकाने खटला भरला. २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सुपापच्या बाजूने निकाल दिला. रीतसर विकत घेतलेली प्रत मालकाला पुन्हा विकता येते, असे न्यायालय म्हणाले. निकाल मला योग्य वाटतो. पण विचार करा, स्वस्त प्रती परत अमेरिकेतच जाऊ लागल्या, तर प्रकाशक आपल्यासाठी त्या कशाला काढतील?

ॲलन डाउनी या प्राध्यापकांनी मात्र ‘थिंक पायथन’ हे आपले पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहे. ते वाचायला पैसे लागत नाहीत. थोडी इंग्रजी तेवढी यायला हवी.