कारखान्याच्या गावातून मेटल ऐकताना

मेटल हे संगीत मूळचे कारखान्यांच्या गावचे आहे, हे ज्यास पटत नसेल त्याने ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या बँडचा पूर्वेतिहास पाहावा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामास होता; वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी अखेरच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबावयाचा हात नेमका तोच होता. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांस टोपणे केली, गिटारीवर हलक्या तारा चढविल्या, आणि पुढे त्या तारा सैल सोडून सबंध वाद्यच खाली उतरविले. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त जो खर्जातला जड नाद ऐकू येतो त्याच्या मुळाशी सौंदर्यशास्त्राइतकाच तो अपघात आहे. मला हा अल्बम आदल्या वर्षीच्या, अधिक लोकप्रिय ‘पॅरानॉइड’पेक्षा सरस वाटतो.

मोहन्याच्या माणसास हे समजावयास फार सायास पडू नयेत. आंबिवली स्थानकाजवळच्या या गावाची ओळख नॅशनल रेयॉन, म्हणजे लोकांच्या तोंडची एन.आर.सी., हीच होती; गावाचा दिवस पाळ्यांनी मोजला जाई, आणि २००९ साली कारखाना बंद पडला तेव्हा केवळ रोजगार नव्हे, तर गावाचा तालच हरपला. परंतु मौज अशी की, हे संगीत येथील यंत्रांतून उपजले नाही. ते मुंबईहून, लोकलने, कॅसेटच्या रूपाने आले.

मुंबईत त्याचा दरबार भरे तो धोबीतलावच्या रंगभवनात. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव तेथेच नावारूपास आला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी त्या खुल्या रंगमंचावरील मैफली थांबल्या. शेजारी महाविद्यालय व रुग्णालये असल्याने कायद्याच्या बाजूने हरकत घेता येत नाही, रसिकाच्या बाजूने मात्र ती अजून कायम आहे. (कल्याणपलीकडच्या रसिकास शेवटच्या गाडीची धास्ती असे, म्हणून अखेरचा बँड त्याच्या वाट्यास क्वचितच येई, हेही नमूद करून ठेवतो.)

त्या काळातील रॉक मशीन या बँडचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ (१९८८) हा अल्बम आज ऐकताना त्यातील सफाईचे कौतुक वाटते आणि तेवढ्यावरच कौतुक थांबते, कारण अमेरिकन हार्ड रॉक आपणांसही वाजविता येतो, हे सिद्ध करण्यातच त्याची बहुतेक शक्ती खर्च झाली आहे. याच बँडच्या उदय बेनेगल, महेश तिनईकर प्रभृतींनी इंडस क्रीड हे नवे नाव घेऊन १९९५ साली काढलेला अल्बम अधिक संयत आहे. तेथे प्रमाणपत्राची याचना नाही.

२००० साली साहिल मखीजा यांनी उभारलेल्या डेमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडविषयी मात्र सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. ‘द रिटर्न टु डार्कनेस’ (२०१०) मध्ये की-बोर्डची भव्य तटबंदी, ड्रमचा अविरत मारा आणि मध्येच उमटणारा स्वच्छ गळा यांचा मेळ उत्तम बसला आहे. त्याहून महत्त्वाकांक्षी असा ‘दशावतार’ (२०१७) मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारास एकेक गाणे देतो. योजना थोर; पण कीर्तन ऐकून कान तयार झालेल्या श्रोत्यास तेथे एक उणीव फार बोचते. खांबातून प्रकटणारा नरसिंह आणि तीन पावले भूमी मागणारा बटू यांच्या स्वभावांत जे अंतर आहे ते शब्दांत आहे, वादनात पुरेसे नाही. बुवा जेथे आवाज मुद्दाम खाली आणून सभा जिंकतात तेथेही हा बँड पूर्ण बळ लावून बसतो. कथाविषय आपला असला म्हणजे कथनही आपले होते, असे नाही.

उलट भयानक मौत या बँडने २००९च्या स्वनामांकित अल्बममध्ये पुराणाचा आधार घेतला नाही, तरी तो मला मुंबईचा वाटतो: दाट, घुसमटलेला, दादर स्थानकाच्या पुलावरील सायंकाळच्या गर्दीसारखा. सेप्टर या थ्रॅश बँडच्या ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ने (२०१३) स्त्रियांवरील अत्याचार हा विषय घेतला, हेतू निःसंशय आदरणीय, वादन काहीसे एकसुरी.

आणि स्क्राइब! ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) व ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४) ही नावेच सांगतात की, या मंडळींनी नॉर्वेच्या मेटलमधील अरण्यवासी सैतानास रजा देऊन हिंदी चित्रपटातील खलनायकांस त्याच्या गादीवर बसविले. मेटलच्या गांभीर्यास हसावे, पण वादनात तिळमात्र कसूर करू नये, हे शिस्तीचे काम आहे. विनोदामागे इतकी काटेकोर लय राखणारा दुसरा बँड आपल्या मुलखात मला आढळला नाही. हे संगीत येथे खऱ्या अर्थाने रहिवासी झाले ते याच अल्बमांत, दशावतारांत नव्हे, असे माझे मत आहे.

तेव्हा ज्या वाचकास एकाच अल्बमपुरती सवड असेल त्याने ‘मार्क ऑफ तेजा’ ऐकावा, आणि मधलीच गाणी न निवडता पहिल्यापासून क्रमाने ऐकावा.