पायी चालणारे गाव (लेखांक 4) : वाट जिथे महामार्गाला भिडते

मागच्या आठवड्यात महामार्गाच्या कडेने चालण्याचा विचार केला; आज महामार्ग ओलांडण्याचा करू. लोधिवली हे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचे गाव. एका बाजूला चौकची बाजारपेठ, दुसरीकडे रसायनी-मोहोपाड्याचे कारखाने, गावात रुग्णालय आणि शाळा. कंपनीच्या पाळीला जाणारे कामगार, वडापची वाट पाहणाऱ्या बायका, डोंगराच्या पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांतून बाजाराला उतरणारी माणसे, सगळ्यांना कधी ना कधी हा रस्ता ओलांडावाच लागतो. या पट्ट्यात चालणे फार जुने आहे. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला तळ ठोकून होता, तिथूनच तो पायी माथेरानवर चढला आणि पुढे थंड हवेचे ठिकाण वसले. बोरघाटातला गाडीरस्ता 1830 चा. म्हणजे इथे पायवाट आणि रस्ता कितीतरी वर्षे एकमेकांना छेदत सुखाने नांदले. बैलगाडीसमोरून माणूस कुठूनही पलीकडे जाऊ शकत होता. रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, वेग वाढला, तेव्हा वाटा तुटल्या. म्हणून पादचाऱ्यांची सुरक्षा आणि पायवाटांची जोडणी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असे माझे ठाम म्हणणे आहे. वाट जिथे महामार्गाला भिडते, नेमकी तिथेच ओलांडण्याची जागा असायला हवी.

साधा हिशेब मांडून पाहू. एक पदर साडेतीन मीटरचा, म्हणजे चार पदर चौदा मीटर. सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्या माणसाला ते पार करायला बारा सेकंद लागतात. ताशी 80 किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात सुमारे 265 मीटर पुढे येते. म्हणजे पाव किलोमीटरवरच्या गाडीचा वेग डोळ्यांनी जोखून पाऊल टाकायचे. आणि ते पावसात, तिन्हीसांजेला, कडेवर मूल घेऊन. याऐवजी दुभाजकात उभे राहण्यापुरती सुरक्षित जागा केली आणि त्या टप्प्यावर वेग पन्नासवर आणला, तर एका वेळी सात मीटरच ओलांडायचे आणि फक्त 80-85 मीटरवरची गाडी पाहायची. माणूस तोच, रस्ता तोच. पण चूक झाली तरी जीव वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, धडकेचा वेग 50 वरून 65 वर गेला की पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली; त्यांतले 32,825 पादचारी होते. एवढ्या माणसांना ‘बघून चाला’ सांगून भागणार नाही.

यावर पहिले उत्तर येते पादचारी पुलाचे. महामार्गावर पुलाखाली साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. वरचा सांगाडा धरून सहा मीटर चढायचे म्हटले तर पंधरा सेंटिमीटरच्या चाळीस पायऱ्या चढा आणि चाळीस उतरा. डोक्यावर भाजीची पाटी असलेली बाई, गुडघे धरलेला म्हातारा, रुग्णालयातून निघालेला माणूस हे करणार नाही, आणि त्याने ते करावे अशी अपेक्षा धरणेही बरोबर नाही. दुसरा आक्षेप वाहतुकीचा: महामार्गावर वेग कमी केला तर महामार्ग कशाला? पण वेगासाठी 2002 पासून पूर्ण लांबीचा द्रुतगती मार्ग शेजारीच आहे. पादचाऱ्यांना तिथे मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. एक रस्ता पूर्णपणे वेगाला दिल्यावर दुसरा गावांचा म्हणून वागवायला हरकत नसावी. लोधिवलीच्या हद्दीत पन्नासचा वेग ठेवला तर दोन किलोमीटरला गाडीवाल्याचे जेमतेम एक मिनिट जाते.

खरा अवघड आक्षेप जमिनीचा आहे. फार्महाऊस, प्लॉटिंग, कंपाउंडच्या भिंती यांनी कितीतरी वाटा अडल्या. त्या मोकळ्या करायच्या तर जागा कुणाची जाणार? इथे तलाठ्याकडचा गावनकाशा उघडावा. त्यावर गाडीमार्ग दुबार तुटक रेषेने दाखवतात, पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. नकाशावरचा मार्ग अडवला असेल तर तो मोकळा करणे म्हणजे कुणाची जमीन घेणे नव्हे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. मात्र मुदत सहा महिन्यांची आहे; भिंत उठल्यावर वर्षभर कुरकुरत बसून चालत नाही. ज्यांना रस्ताच नाही त्या शेतकऱ्यांसाठी महसूल संहितेचे कलम 143 आहे. वाड्यांच्या वाटांचे मात्र एवढे सोपे नाही. त्यांतल्या अनेक नकाशावर उमटलेल्याच नाहीत, काही वनजमिनीतून जातात. तिथे वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) चा आधार घेता येतो: ग्रामसभेची शिफारस असेल तर रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. खासगी जमिनीतल्या, नोंद नसलेल्या वाटांसाठी मालकाशी बोलण्याला पर्याय नाही, आणि प्रत्येक ठिकाणी यश येईल असेही नाही. याच पट्ट्यातल्या इरशाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा बचावपथकांना अंधारात, पावसात चढूनच वर जावे लागले, कारण गाडीरस्ताच नव्हता. वाडीची पायवाट म्हणजे तिचा दवाखान्याचा आणि सुटकेचाही रस्ता असतो, एवढे तरी मालकांपुढे ठेवता येईल.

तेव्हा ग्रामपंचायतीने गावनकाशा पुढ्यात घेऊन प्रत्येक वाट महामार्गाला कुठे मिळते ते ठिपके आधी मांडावेत, एसटीचा थांबा आणि दिव्याचा खांब त्या ठिपक्यांजवळ मागावा, आणि मगच रस्त्याच्या खात्याकडे जावे. त्या खात्याला कायदा कशासाठी जबाबदार धरतो आणि मोटार वाहन कायद्याचे कलम 198-अ काय म्हणते, ते पुढच्या लेखांकात पाहू.