विरुद्धार्थी शब्द आणि चित्रपुस्तके

एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली. तिच्या अंगणवाड्यांत तीन ते सहा वर्षांची बालके चित्रांवरून लहान-मोठे, ओले-कोरडे अशा जोड्या शिकतात. मोठा हत्ती, लहान मुंगी हे चित्र नेहमीचेच. परंतु त्यावरून ‘मोठा’ हे हत्तीचेच नाव, असा बालकाचा समज होण्याचा संभव असतो. जोडी पाठ होते, अर्थ निसटतो. त्याऐवजी लहान-मोठ्या दोन भाकरी शेजारी दाखवाव्यात. फरक केवळ आकाराचा उरतो. मग सेविकेने त्यांहूनही मोठी तिसरी काढावी, म्हणजे मघाची मोठी आता लहान ठरते!

अहिल्यानगर जिल्ह्यात आणखी एक पाहावे. भरून वाहणारा ओढा अकोले तालुक्यातील पावसाळी डोंगरपट्ट्यात परिचयाचा. पाथर्डीच्या अवर्षणप्रवण गावांत तो बहुतेक काळ कोरडाच. तेथे भिजलेला आणि सुका असे दोन रुमाल बालकांच्या हाती देणे बरे.