'रॉक' लिहिलेलं एक बटण

जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचं नाव छापलेलं असे. चाल तीच, शब्द नवे. जमैकाच्या डान्सहॉल संगीतात मात्र चालसुद्धा नवी असते, कायम राहते ती खालची साथ: बास आणि ड्रम. या साथीला 'रिडिम' म्हणतात. रिडिमला स्वतःचं नाव असतं आणि एकाच रिडिमवर शेकडो गाणी उभी राहू शकतात. 'स्लेंग टेंग' हा असाच एक रिडिम. त्याची जन्मकथा मी कितीदा वाचली असेल, तरी अजून थक्क व्हायला होतं.

हिरोको ओकुडा नावाची जपानी तरुणी १९८० साली कॅसिओ कंपनीत लागली. संगीताचं शिक्षण घेताना तिने प्रबंध लिहिला होता तो रेगेवर! नोकरीत पहिलंच काम मिळालं ते एमटी-४० या छोट्या कीबोर्डसाठी तयार ताल रचण्याचं. ३७ बारीक पट्ट्या, डावीकडे बाससाठी आणखी १५. त्यातल्या एका तालाला नाव दिलं होतं 'रॉक'.

असा एक कीबोर्ड जमैकातल्या किंग्स्टनमध्ये नोएल डेव्ही या तरुण वादकाच्या हाती आला. तो आणि वेन स्मिथ हा जेमतेम एकोणीस वर्षांचा गायक बटणं दाबून पाहत असताना हा 'रॉक' वाजला. दोघं तो घेऊन वॉटरहाउस भागातल्या किंग जॅमी या निर्मात्याच्या स्टुडिओत गेले. जॅमीने एकच मोठी गोष्ट केली: लय उतरवली. धावणारा ताल डुलू लागला, बास जड झाला, आणि त्यावर वेन स्मिथ 'अंडर मी स्लेंग टेंग' गायला. फेब्रुवारी १९८५ मध्ये ब्लॅक स्कॉर्पिओ या साउंड सिस्टिमशी, म्हणजे मोठ्या स्पीकरांवर जाहीरपणे गाणी वाजवणाऱ्या ताफ्याशी, जॅमीचा जाहीर सामना झाला, तिथे हा रिडिम वाजला आणि लोक वेडावले. तोवर रिडिम म्हणजे स्टुडिओत जमलेले हाडामांसाचे वादक. आता एक छोटा कीबोर्ड पुरत होता. पुढची डान्सहॉल गाणी झपाट्याने डिजिटल झाली.

पण खरी गंमत ऐकण्यात आहे. याच रिडिमवरचं टेनॉर सॉचं 'पम्पकिन बेली' लावा. जमैकन म्हणींवर पोसलेलं गाणं, आणि सूर असा लांबवलेला, आर्त, की खालच्या बासचा खट्याळपणा विसरायला होतो. लगेच जॉनी ऑस्बर्नचं 'बडी बाय' ऐका. मुरलेला गायक, स्वर ऐटीत सोडतो, आणि तोच बास आता मिरवायला निघाल्यासारखा वाटतो. मग जॉन वेनचं 'कॉल द पोलीस'. मी ही तिन्ही गाणी लागोपाठ लावतो, आणि तिसऱ्यापर्यंत कान आपोआप गायकाकडून खाली सरकतो. बास तसाच चालू असतो, एका सुराचाही फरक न करता.